काकी उतरल्या की थंडी

आमच्या साहेबांना उद्याविषयी बोललेलं चालत नसे. हवामान केंद्रावर आयुष्य काढलेला माणूस, पण 'उद्या पाऊस येईल का हो' असं कोणी विचारलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी मटक्याचा आकडा मागतंय. ''आपण झालेलं हवामान सांगतो,'' ते म्हणत. ''होणारं हवं असेल तर देवळात कौल लावा.'' पायथ्याच्या गावातले एक गृहस्थ एकदा मुलीच्या लग्नाची तारीख घेऊन डोंगर चढून आले. मांडव उघडा घालू की वर पत्रे टाकू, एवढंच त्यांना हवं होतं. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्या दिवशी नक्की सांगता येईल म्हणाले. गृहस्थ उतरताना काय काय बोलत गेले ते मी ऐकलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी त्या डोंगरावर गेले ती नाइलाजाने. मी देवगडजवळच्या जामसंड्याची, हापूसच्या बागेत वाढलेली. समुद्रकाठी कुठेतरी नेमणूक मिळेल अशी आशा होती, मिळाला तो जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा सह्याद्रीचा कडा. केंद्र म्हणजे दोन खोल्यांचं ऑफिस, त्याला चिकटून साहेबांचं क्वार्टर आणि समोर तारेच्या कुंपणात गवताचा एक चौकोन. त्या चौकोनात पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याच्या वाट्या फिरणारा खांब आणि चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी. तापमापकं त्या पेटीत. मी जरा खालच्या वाडीत खोली घेऊन राहायचे. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पेटी उघडायची, आकडे वाचायचे आणि जिथे फोनला रेंज मिळते त्या दगडावर उभं राहून ते वरच्या ऑफिसला कळवायचे. वरचं ऑफिस आमच्यापेक्षा पुष्कळ खाली होतं, पण सरकारात वर-खाली हे उंचीवरून ठरत नाही.

पहिल्या सकाळी मी चपला घालून कुंपणात शिरायला गेले तर साहेबांनी हात आडवा केला. मला वाटलं, श्रद्धाळू दिसतात. श्रद्धेचा काही संबंध नव्हता. गवत तुडवलं गेलं की खालची जमीन तापते आणि आकडा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पेटीला हात लावायच्या आधी ते आंघोळ करत, तीही आठच्या ठोक्याला. ह्यालाही कारण होतं. पारोसा माणूस अर्धा झोपेत असतो आणि झोपेतला माणूस पंधराला सोळा वाचतो. पण वाडीतल्या लोकांना ही कारणं कोण सांगणार? त्यांनी एवढंच पाहिलं की एक वयस्कर गृहस्थ रोज ओल्या डोक्याने, अनवाणी, एका पांढऱ्या पेटीसमोर वाकतो, तिचं दार उघडतो, आत टक लावून बघतो आणि दार लावून पाठ न दाखवता मागे सरकतो. अमावस्येला कुंपणाबाहेर नारळ दिसायला लागले. साहेबांनी दोनदा लोकांना समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळचा नारळ त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, आमटीत वाटून घातला आणि विषय मिटला.

साहेब खारेपाटणचे. घरात, वाडीत, माझ्याबरोबर चहा पिताना मालवणीतच बोलायचे. पण हवामानाचा विषय निघाला की कणा ताठ व्हायचा आणि पुस्तकी मराठी सुरू. 'च्या घे गो बाय' म्हणता म्हणता, त्याच घोटात, 'आज पूर्वेकडून मंद वारे वाहत आहेत' असं म्हणायचे. मी एकदा विचारलं, वाऱ्याला मालवणी कळत नाही का? ते म्हणाले, वारा सरकारी आहे.

आकाशात ढग किती हे आठ भागांत मोजतात. आकाशाचे मनाने आठ तुकडे करायचे आणि त्यातले किती झाकले ते सांगायचं. साहेबांनी ही पद्धत सगळ्या संसाराला लावली होती. उसळीत मीठ पाच अष्टमांश. माझं कामातलं लक्ष तीन अष्टमांश, सणासुदीला दोन. मुलगा मुंबईला नोकरीत होता, त्याच्याविषयी ते म्हणत की त्याची माया आठाला आठ आहे, फक्त दृश्यमानता कमी. वाडीतल्या एका लग्नाहून आल्यावर काकींनी नवरी कशी होती विचारलं तेव्हा 'निरभ्र' म्हणाले होते. काकींनी ते नवरीच्या आईपर्यंत पोचवलं आणि तिने ते कौतुक म्हणून घेतलं. कोणाला दुखवायचा त्यांचा हेतू कधीच नसायचा, हे मला कळायला मात्र बरेच महिने लागले.

त्यांचा एकच अभिमान होता आणि तो त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच ऐकवला. ह्या डोंगरावरची सकाळची नोंद त्यांच्या हातची, एका माणसाची, एकही खाडा नसलेली होती. ताप आला, पाय मुरगळला, वादळात पत्रे उडाले, तरी साडेआठला माणूस पेटीसमोर. मुलाच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा त्यांनी संध्याकाळचा धरायला लावला होता, तोही खारेपाटणला नव्हे तर वर वाडीच्या देवळात, आणि व्याह्यांची सगळी माणसं धापा टाकत अक्षता टाकायला आली होती. बदलीची संधी दोनदा चालून आली, दोनदा त्यांनी नाही म्हटलं. हात बदलला की डोळा बदलतो, ते म्हणायचे. मी सहायक असूनही सकाळी फक्त शेजारी उभी राहायचे आणि त्यांनी उच्चारलेला आकडा लिहून घ्यायचे. चिडायचे, पण करते काय?

आता काकींचं सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून साहेब कळायचे नाहीत. काकींना दमा. पावसाळ्यात आमच्या डोंगरावर धुकं घरात येऊन बसतं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरा धरतो; तेव्हा त्या खारेपाटणच्या घरी. दसऱ्याला वर यायच्या. थंडी पडली की पुन्हा खाली, ते शिमगा होईपर्यंत. म्हणजे नवरा-बायकोचा संसार दसरा ते थंडी आणि शिमगा ते पाऊस, असा दोन तुकड्यांत. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की थंडी सुरू झाली की ह्यांना वर ठेवू नका. दुसऱ्या कोणी मान डोलावली असती. साहेबांनी विचारलं, थंडी म्हणजे किती? बाहेर पेशंट ताटकळत होते. डॉक्टर म्हणाले, चौदा धरा. झालं. तेव्हापासून चौदा ही काळ्या दगडावरची रेघ. सकाळचं किमान तापमान चौदाच्या खाली गेलं की दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने काकी खाली. साहेबांचा स्वतःचा स्वेटरही त्याच दिवशी ट्रंकेतून बाहेर निघायचा. त्याआधी दात वाजले तरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. आणि मी शाल पांघरून आले की 'अजून नोंद नाही' असं म्हणून माझ्याकडे असं बघायचे की शाल आपोआप खांद्यावरून उतरायची.

आमच्या डोंगरावर थंडी यायची ती चोरपावलांनी. दिवाळी उरकली की आधी धुक्याला कंटाळा यायचा. मग एका सकाळी वारा पश्चिमेचा पूर्वेला फिरायचा, खांबावरचा बाण कुरकुरत वळायचा आणि गवतावर असं दव पडायचं की अनवाणी पाय घोट्यापर्यंत भिजावेत. कोळ्यांची जाळी कुंपणाच्या तारांवर धुऊन वाळत घातल्यासारखी दिसायची. त्यानंतर हवा एकदम स्वच्छ व्हायची आणि दूर, सगळ्या टेकड्यांच्या पलीकडे, समुद्राची एक बारीक पट्टी दिसू लागायची. मला ती पट्टी दिसली की घर दिसल्यासारखं वाटायचं. मी काकींना हाक मारून दाखवायला गेले, पहिल्या वर्षी. त्यांनी पाहिली, 'होय गो, दिसता' म्हणाल्या आणि आत जाऊन लुगड्यांच्या घड्या घालायला लागल्या. पुढच्या वर्षापासून मी हाक मारली नाही.

ह्या सगळ्याशी खालच्या आंबेवाल्यांचा काय संबंध, असं कोणी विचारेल. पुष्कळ संबंध. थंडी पडल्याशिवाय कलमांना मोहोर येत नाही, आणि मोहोर फुटायच्या बेताला पहिली फवारणी साधावी लागते. आधी केली तर फुकट जाते, उशीर झाला तर तुडतुडा मोहोर खातो. त्यामुळे दिवाळीपासून आमच्या बाबांसकट सगळ्या जामसंड्याचं लक्ष घाटाकडे. मी केंद्रावर लागले तेव्हा बाबांना वाटलं, आता घरचीच खबर. पण साहेबांनी मला बजावलं होतं की होणारं काही बोलायचं नाही. झालेलं विचारलं तर सांगावं. मग बाबांनी शोधून काढलं की काकी चौदाच्या खाली गेल्यावरच डोंगर उतरतात. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन: ''काकी गेली काय गो?'' हळूहळू ते गावभर झालं. काकी कणकवलीच्या स्टँडवर खारेपाटणच्या गाडीची वाट बघत बसलेल्या दिसल्या की तिथे आलेला कोणीही बागायतदार घरी फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी देवगड तालुक्यात फवारणीचे पंप सुरू व्हायचे. टीव्हीवर रोज हवामानाचा नकाशा दाखवतात, मोबाइलवर तासातासाचं भाकीत येतं. ते सगळे बघायचे. विश्वास मात्र काकींवर.

एका वर्षी काकींच्या भाचीचा साखरपुडा दिवाळीनंतर लगेच निघाला. काकी नवं लुगडं नेसून एस.टी.त बसल्या. कणकवलीला त्यांना आमच्याच बाबांनी पाहिलं. पिशवी पाहिली, शाल पाहिली, आणि माणसाने विचारपूस करावी की नाही? नाही. बाबांनी स्टँडवरूनच चार ठिकाणी फोन लावले. अर्ध्या जामसंड्याने पहिली फवारणी उरकली. साखरपुडा झाला, काकी लाडू घेऊन परत वर आल्या, आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस येऊन सगळी फवारणी धुऊन गेली.

जीप करून पाचजण वर आले, बाबा पुढे. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी सगळ्यांना बसवलं, चहा सांगितला, आणि नम्रपणे म्हणाले की मी कोणाला थंडी पडली असं सांगितलेलं नाही. बाबा म्हणाले, तुम्ही नाही सांगितलंत, पण काकी गेल्या. साहेब म्हणाले, त्या साखरपुड्याला गेल्या होत्या. बाबा म्हणाले, मग तसं सांगून जायला हवं होतं. दोघेही इतके गंभीर होते की मला हसताही येईना. शेवटी आतून काकी लाडवांचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर चूक पदरात घेतली. पुढे त्या अवेळी कुठे निघाल्या की कणकवलीच्या स्टँडवर ओळखीचं कोणी दिसल्याबरोबर स्वतःच सांगायच्या, ''बारशाक चललंय हां, थंडीक नाय.''

ह्या गोष्टीचं आम्हाला सगळ्यांना हसू यायचं. काकींनाही यायचं. पण एकदा त्या माझ्याजवळ भाजी निवडत बसल्या असताना म्हणाल्या की मी उतरले की सगळ्या तालुक्याला आनंद होतो, आणि पुढची जुडी सोडायला लागल्या. खारेपाटणचं घर मोठं. मुलगा मुंबईला, जाऊ-दीर कधीच वारलेले. थंडीचे सगळे महिने त्या त्या घरात एकट्या काढत. साहेब रविवारी फोन करायचे आणि वरचं तापमान सांगायचे. मी जवळच दगडावर उभी असायचे, म्हणून मला माहीत. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बायकोशी बोलायला दुसरं काही सुचत नसे.

गेल्या वर्षीची गोष्ट. साहेबांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. पावसाळ्यात माकडांनी आमच्या नव्या स्वयंचलित यंत्राच्या वायरी ओढून तोडल्या होत्या, त्याचा सुटा भाग यायचा होता. तापमानाची रेघ काढणारं जुनं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. म्हणजे भरवसा फक्त पेटीतल्या तापमापकांवर आणि साहेबांच्या डोळ्यांवर. साहेबांची ह्याला काहीच हरकत नव्हती.

वारा फिरला, दव पडलं, समुद्र दिसला. वाडीत रात्री शेकोट्या पेटल्या. मी दोन चादरी घेऊन झोपू लागले. पण आकडा पंधराच्या खाली उतरेना. रोज साडेआठला साहेब पेटीत वाकत आणि सांगत: पंधरा पूर्णांक सहा, पंधरा पूर्णांक दोन, सोळा. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हातावर काटा उभा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही कुडकुडताय. ते म्हणाले, ती वैयक्तिक बाब आहे.

तिकडे बाबांचा फोन. ''कलमां मोहोराक लागली आणि काकी अजून वर? एकतर कलमां चुकली, नायतर काकी.'' आंब्याच्या माणसाला कलम चुकेल असं मनापासून वाटत नाही. मलाही वाटेना. म्हणून एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर, आठनंतर लगेच, वर आले.

मोरीत साहेबांच्या आंघोळीचा आवाज येत होता. पेटीचं दार उघडं होतं. पेटीसमोर काकी, अनवाणी, अंगावर शाल, हातात किमान तापमानाची नळी.

ही नळी आडवी असते. आतल्या द्रवात एक बारीक काळी काडी असते. थंडी वाढेल तसा द्रव मागे सरतो आणि काडीला ओढत नेतो. नंतर ऊन वाढलं तरी काडी तिथेच राहते, म्हणून रात्री किती खाली गेलं ते सकाळी कळतं. वाचून झालं की नळी तिरकी करून काडी पुन्हा द्रवाच्या टोकाशी आणायची. साहेब हे रोज करायचे आणि काकींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. साहेब आंघोळीला गेले की त्या पेटीच्या कुलपाची किल्ली घेऊन यायच्या आणि वाचायच्या आधीच नळी तिरकी करायच्या. रात्रीची थंडी पुसली जायची. उरायची ती आठ वाजताची, उन्हं वर आल्यानंतरची हवा.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. नळी जागेवर ठेवली, दार लावलं आणि पाठ न दाखवता मागे सरकल्या. ''आज लवकर इलंस गो,'' म्हणाल्या. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी चहा ठेवला. गाळताना त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

साडेआठला साहेबांनी वाचलं. किमान पंधरा पूर्णांक चार. मग आत्ताचं, सोळा पूर्णांक दोन. मी लिहून घेतलं आणि माझा हात थांबला. नेमणुकीच्या पहिल्या महिन्यात त्यांनीच मला शिकवलं होतं: निरभ्र रात्रीनंतर हे दोन आकडे इतके जवळ येत नाहीत. आले तर समज, कोणाचा तरी हात लागला. मी मागची पानं चाळली. रोज तसंच. हे नवशिक्याच्याही लक्षात यावं, आणि वाचणारा माणूस कोण? मी म्हटलं, साहेब, दोन्ही आकडे फार जवळ आहेत. ते पेटीचं दार लावत होते. म्हणाले, ''असतात कधी कधी.''

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आयुष्यभर पूर्णांकापुढच्या आकड्यासाठी आम्हाला पिडलं आणि आता डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. राग आला आणि भीतीही वाटली, कारण काकींचा आवाज रोज जास्त ओढल्यासारखा येत होता आणि त्या घरात तीन माणसांना सगळं माहीत असून कोणीही बोलत नव्हतं. मी वाडीतल्या खोलीवर गेले की ठरवायचे, उद्या बोलते. उद्या आला की चहा पिऊन गप्प बसायचे.

मग एका सकाळी मी वर आले तर काकी पायरीवर बसलेल्या. एक हात गुडघ्यावर, मान पुढे, श्वास आत जाईना. दुसऱ्या मुठीत पेटीची किल्ली. मी आत धावले, औषधाचा पंप शोधून आणला, त्यांच्या तोंडाशी धरला. साहेब मोरीतून आले, अंगावर फक्त पंचा, केसांतून पाणी गळतंय. ते खाली पायरीवर बसले आणि काकींची पाठ चोळू लागले. बराच वेळ लागला. छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. मग साहेबांनी त्यांची मूठ उघडून किल्ली काढून घेतली.

''पयल्या दिसापासून माका ठावक होता,'' ते म्हणाले.

''तुमका ठावक आसा, ता माका ठावक होता.''

''मगे बोललंस कशाक नाय?''

''तुमी तरी खंय बोललात?''

पंच्यावर, थंडीत, साहेब त्यांची पाठ चोळत राहिले. मी त्यांच्या खांद्यावर माझी शाल टाकली तर त्यांना कळलंही नाही. काकींनी पुन्हा पंप ओढला, थोडं थांबल्या, आणि एका दमात नव्हे, तुकड्या-तुकड्यांत बोलल्या.

''खाली माका बरा वाटता. श्वास बरो चलता, सगळा खरा. पण सकाळी उठल्यापासून रातीपर्यंत कोणाक जेवलास काय म्हणान इचारूचा नाय. नुसतो श्वास घेवन काय करू?''

साहेबांचे डोळे भरले. मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला तिथे उभं राहवेना. मी कुंपणाकडे गेले.

साडेआठला ते आले. आकडा वाचला, पण लिहायच्या आधी मला मागच्या सगळ्या दिवसांच्या किमान तापमानापुढे प्रश्नचिन्ह घालायला लावलं. मग दगडावर उभं राहून त्यांनी वरच्या ऑफिसला फोन केला आणि शुद्ध मराठीत सांगितलं की माझ्या घरातून उपकरणाला हात लागला, मला ते माहीत होतं, ह्या नोंदी ग्राह्य धरू नयेत. पलीकडच्या तरुण माणसाने थोडं शोधून सांगितलं की आमच्याकडे कोणाला काही वेगळं वाटलं नव्हतं, राहू द्या, साहेब. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ ते समुद्राकडे बघत उभे राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकींना खाली जायचंच होतं. आमच्या फाट्यावरून सकाळची एस.टी. साडेआठच्या सुमाराला जाते. त्यामुळे आजवर दर वर्षी काकी एकट्याच पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत जायच्या. त्या वेळेला साहेब पेटीसमोर. त्या दिवशी मी आले तर साहेब आंघोळ करून, पायांत वहाणा घालून, काकींची पिशवी हातात घेऊन उभे. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

''तू वाच. मी हिका पोचवन येतंय.''

मला वाटलं, फाट्यापर्यंत. एवढं म्हणजेसुद्धा केवढं होतं. दोघं उतरणीला लागली. काकी दर थोड्या पावलांनी थांबायच्या आणि साहेबही थांबायचे. साडेआठ वाजले तशी मी चपला काढून कुंपणात गेले, वाकले, वाचलं. अकरा पूर्णांक आठ. आयुष्यात पहिल्यांदा त्या पेटीतला सकाळचा आकडा मी उच्चारला, आणि ऐकायला कोणी नव्हतं. मग कळवायला दगडावर चढले. तिथून फाटा दिसतो. एस.टी. येऊन थांबली होती. काकी चढल्या. साहेब पिशवी घेऊन मागोमाग चढले. आता पिशवी ठेवून उतरतील म्हणून मी बघत राहिले. कंडक्टरने दार ओढून घेतलं. गाडी हलली, पहिल्या वळणाला दिसली, दुसऱ्या वळणाला दिसली, मग घाटाच्या पोटात गेली. फाट्यावर कोणी नव्हतं.

त्यांनी आधी रजा टाकली, मग ती वाढवली, मग निवृत्तीच आली. सामान न्यायला मुलगा येऊन गेला. साहेब पुन्हा डोंगर चढले नाहीत. वरच्या ऑफिसने त्यांना निरोप समारंभाला बोलावलं तर त्यांनी कळवलं की घरी माणूस आहे, जमणार नाही.

ते गेले त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मात्र मी दगडावर बसून राहून राहून घड्याळ बघत होते. साहेबांचा फोन येणार, आकडा विचारणार, ह्याची मला खात्री होती. नाहीच आला, तेव्हा अंधार पडल्यावर मी स्वतःच लावला. काकी कशा आहेत विचारलं. बऱ्या आहेत म्हणाले, वाटेत कणकवलीला डॉक्टरांना दाखवलं. आकड्याचं मात्र नाव काढलं नाही. मला वाटलं, लाजतायत विचारायला, आपणच सांगावं. मी म्हटलं, ''साहेब, आज सकाळी अकरा...'' तेवढ्यात मागून काकींचा आवाज आला, बारीक, पण मोकळा.

''जेवक येतास मा?''

''नंतर सांग गो बाय,'' साहेब मला म्हणाले. ''पान वाढलेला आसा.'' आणि त्यांनी फोन ठेवला.